बीटच्या पाण्याने ‘रुबी नेकलेस’ला रंग चढत नाही

टांगत्या कुंडीतून खाली लोंबणाऱ्या रंगीत सक्युलंटच्या (मांसल पानांत पाणी साठवणाऱ्या वनस्पतींच्या) निगेची ‘पाच गुपिते’ सांगणारा एक संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. ‘रुबी नेकलेस’ या अशाच वेलीला आठवड्यातून एकदा बीटचे पाणी घातले की ती जांभळी होते, पानांवर रोज सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा मारावा, कुंडी झोपण्याच्या खोलीत टांगली तर रात्रभर प्राणवायू मिळतो, ‘नासा’च्या संशोधनानुसार ही वेल घरातील हवा शुद्ध करते, आणि जितके कडक ऊन, तितका गडद रंग, अशी ती गुपिते आहेत. साताऱ्याच्या माझ्या मावशीने हा संदेश खरा मानला आणि ऐन पावसाळ्यात तिची भरगच्च वेल बुंध्यापासून सडली. इतके झाल्यावर गप्प बसणे मला योग्य वाटत नाही.

सर्वांत निराधार दावा बीटचा आहे. बीटचा लाल रंग बीटालेन गटातील रंगद्रव्यांचा असतो, तर रुबी नेकलेसचा जांभळा रंग अँथोसायनिनचा. ही वेल सूर्यफुलाच्या कुळातील आहे आणि त्या कुळात बीटालेन तयारच होत नाही. किंबहुना ही दोन्ही रंगद्रव्ये एकाच वनस्पतीत नैसर्गिकरीत्या एकत्र आढळत नाहीत. निशिगंधाची दांडी रंगीत पाण्यात ठेवली की फुले रंगतात, हे अनेकांनी पाहिलेले असते आणि बहुधा त्यावरूनच ही कल्पना निघाली असावी. पण ती दांडी कापलेली असते, म्हणून पाण्यातला रंग सरळ वर चढतो. मुळे शाबूत असलेल्या रोपात मात्र जमिनीतून काय आत घ्यायचे हे मुळांतील पेशींचा एक थर ठरवतो, आणि पानापर्यंत पोहोचून तिथे टिकेल असा बीटचा रंग त्यातून जात नाही. कुंडीत उरते ते बीटमधील साखरेचे पाणी. त्यावर मुंग्या येतात, माती आंबते, बुरशी वाढते, आणि एवढे सगळे करून पान हिरवे ते हिरवेच राहते. रंग ही वेल स्वतःच तयार करते. भरपूर प्रकाश आणि थंड रात्री मिळाल्या की पानांत अँथोसायनिन साठते आणि तीव्र प्रकाशापासून हरितद्रव्याचे रक्षण करते. त्यामुळेच पुण्या-नाशिकच्या गच्चीवर डिसेंबर-जानेवारीत जी वेल माणकासारखी दिसते, तीच मुंबईच्या उबदार रात्रींत फिकट राहते. त्यात माळ्याचा काही दोष नाही.

फवाऱ्याचा सल्ला तर थेट रोप मारणारा आहे. रुबी नेकलेस आणि तिच्यासारखीच टांगत्या कुंडीत लावली जाणारी हिरव्या मोत्यांची वेल (‘स्ट्रिंग ऑफ पर्ल्स’) या दोन्ही दक्षिण आफ्रिकेतील. पाऊस नसतानाचे दिवस काढण्यासाठी त्यांची पाने पाणी साठवतात आणि ते उडून जाऊ नये म्हणून पानांवर मेणचट थर असतो. अशा पानांवर रोज फवारे मारून रोपाची तहान भागत नाही. ओल फक्त पानांच्या बेचक्यांत आणि कुंडीच्या वरच्या मातीत साचून राहते. जुलैमध्ये कोकणात आणि घाटमाथ्यावर हवाच इतकी दमट असते की साधी कुंडीसुद्धा लवकर वाळत नाही. त्यात दोन वेळा फवारा म्हणजे बुंधा सडणारच. पाणी मातीला घालावे, भरपूर घालावे, जादा पाणी तळाच्या भोकांतून निथळू द्यावे, आणि माती आतपर्यंत कोरडी होऊन पाने किंचित सुरकुतल्याशिवाय पुन्हा घालू नये. कुंडीत नुसता पोयटा किंवा नुसते कोकोपीट न भरता निम्म्याच्या आसपास परलाइट (पाण्याचा निचरा करणारे हलके पांढरे दाणे), जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे मिसळावेत आणि पावसाळ्यात कुंडी छपराखाली घ्यावी. बुंधा काळा पडून मऊ झालाच, तर वरचे निरोगी शेंडे कापून, एक-दोन दिवस सावलीत सुकवून, जेमतेम ओलसर मिश्रणावर आडवे ठेवावेत. पेरांपाशी मुळे फुटतात.

प्राणवायूच्या दाव्यामागे एक अर्धवट समजलेली गोष्ट आहे. काही मांसल पानांच्या वनस्पती पाणी वाचवण्यासाठी दिवसा पर्णरंध्रे बंद ठेवतात आणि रात्री ती उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात, हे खरे. पण प्राणवायू प्रकाशाशिवाय तयार होत नाही.

‘नासा’चा १९८९ चा अभ्यास खरा आहे, मात्र तो लहान बंदिस्त पेट्यांमध्ये केलेला होता आणि त्यात रुबी नेकलेस नव्हती. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या ब्रायन कमिंग्ज आणि मायकेल वॉरिंग यांनी २०१९ मध्ये अशा १२ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले. साध्या इमारतीत बाहेरची हवा आत-बाहेर खेळल्याने जेवढे काम आपोआप होते, तेवढे करण्यासाठी दर चौरस मीटर जमिनीमागे १० ते १००० कुंड्या लागतील, असे त्यांना आढळले. खिडकी उघडावी, हे त्यावरचे साधे उत्तर आहे. शिवाय झोपण्याच्या खोलीतल्या अंधूक प्रकाशात ही वेल लांबुडकी, विरळ आणि हिरवी होते. म्हणजे या संदेशाचा एक सल्ला दुसऱ्याच सल्ल्याने मोडीत निघतो.

उन्हाबद्दलचा दावा अर्धा खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. प्रकाश वाढला की रंग चढतो, आणि पाणी थोडे ओढून धरले तरी चढतो. पण नर्सरीत शेडनेटखाली वाढलेली वेल आणून एकदम मेच्या दुपारी गच्चीत टांगली तर पाने भाजतात, आणि ते तपकिरी डाग नंतर जात नाहीत. पूर्वेच्या बाल्कनीतील सकाळचे तीन-चार तास ऊन पुरते. त्याहून जास्त द्यायचे असेल तर रोपाला दोन-तीन आठवडे हळूहळू सवय करावी. कितीही ऊन दिले तरी हिरव्या मोत्यांची वेल माणकाच्या रंगाची होणार नाही. निळे-गुलाबी मणी दाखवणारी जी छायाचित्रे या संदेशाबरोबर येतात, ती संगणकावर रंगवलेली आहेत. तसल्या मण्यांच्या वेलीचे म्हणून ऑनलाइन विकले जाणारे बी कोणीही घेऊ नये.