बांध कोरा, बाकी हवामानबदल बघून घेईल

जमीन वडिलोपार्जित असो की परवाच खरेदीखत झालेली, पहिलं काम बांधाचं. बांधावर बोर, बाभूळ, कडुनिंब असेल तर त्याची सावली पिकावर पडते. तोडा आणि वखारीत घाला. मग दर हंगामात नांगराचं एखादं तास बांधात घुसवत चला. काही वर्षांत बांध नकाशापुरता उरतो. शेजाऱ्याने मोजणी आणली तर भांडायचं, तोही शेतीचा जोडधंदाच. नांगरट उताराला आडवी मुळीच नको. उताराच्या दिशेने लांब तास निघतं, ट्रॅक्टर कमी वेळा वळवावा लागतो, डिझेल वाचतं. पावसाच्या पाण्याचीही सोय होते, बिचारं कुठे अडकत नाही.

ऊस तुटला की पाचटाकडे, म्हणजे मागे उरलेल्या वाळल्या पाल्याकडे, वळा. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं. ते सरीत पसरा, वर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाका, असं कृषी सहायक सांगतात. माणूस चांगला आहे, पण खोडव्याची, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुंध्यातून पुन्हा फुटणाऱ्या पिकाची, घाई त्यांना कळत नाही. 2021च्या डिसेंबरात काडीपेटी एकाची दोन रुपयांना झाली, तरी जिवाणूंपेक्षा स्वस्तच. रात्री पेटवा. फडभर कसा कडकडाट होतो! गांडुळं ओरडत नसल्याने तक्रार करायला कोणी उरत नाही. सकाळी रान चकाचक. पुढे माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून मातीत येणारा कस, अर्ध्या टक्क्याच्याही खाली आला, तर प्रयोगशाळेला शिव्या घालायच्या.

शेततळं घ्याच. 2016 साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही सरकारी योजना आली ती पावसाचं वाहून जाणारं पाणी साठवायला. पण पावसाची वाट बघत कोण बसतो? प्लास्टिक अंथरा आणि बोअर चालू करून तळं काठोकाठ भरा. खडकाखाली अंधारात गपचूप पडलेलं पाणी वैशाखाच्या उन्हात आणून ठेवायचं, आणि उन्हाने प्यायलं तेवढं तापमानवाढीच्या खाती मांडायचं. भूजल कायदा शेतीसाठी साठ मीटरच्या खाली जाऊ देत नाही म्हणे. बोअरवाल्याला विचारा, त्याने हा कायदा आठशे फुटांपर्यंत शोधलाय, सापडला नाही.

नगरकडच्या हिवरे बाजार या आदर्श गावाला सहल जरूर काढा. तिथे पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावर पिकं ठरवतात. शेतीला बोअर नाही, ऊस नाही, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. हे गाव घडवणाऱ्या पोपटराव पवारांसोबत फोटो काढा. परतीच्या गाडीत कोणीतरी म्हणेलच, ‘त्यांचं ठीक आहे, आपल्याकडे राजकारण फार.’ मान डोलवा. पाणी संपलं तर 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने आलंच होतं की! ऊस काही त्या धक्क्याने लातूर सोडून गेला नाही.

आणि पाऊस आताशा महिन्याचा एका दिवसात पडतो, त्यात वरचा काळा थर गेलाच, तर पंचनामा करून घ्या. मातीची फार चिंता नको. ती खालच्या तलावात सुखरूप पोचलेली असते. उन्हाळ्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत ती फुकट मिळते. जेसीबी तलावात उतरतो, हायवा डंपर रांगेत लागतात. अल्पभूधारकाला वाहतुकीचं अनुदानही आहे. दोन-चार खेपा टाकून घ्या. कुठली खेप आपल्या रानातली, ते मात्र तलाठ्याला विचारू नका; सातबाऱ्यावर तुमचं क्षेत्र कधी कमी झालेलंच नाही.