काका, मॅप रस्त्यासाठी नाही, वेळेसाठी बघायचा

नमस्कार काका. (‘तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे’ असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून हक्काने काका.) ‘निघण्याआधी मोबाइलवर ट्रॅफिक बघा’ या माझ्या सल्ल्यावर तुम्ही तीन गोष्टी सुनावल्यात. मॅपने ३५ मिनिटं दाखवली आणि वारज्याहून हिंजवडीला पोचायला सव्वा तास लागला. सगळेच मॅप बघून एकाच गल्लीत घुसतात. आणि तुम्ही ३० वर्षं मोबाइलशिवाय वेळेवर कामावर पोचलात. तिसऱ्यावर मी काय बोलणार? फक्त एवढंच, की तेव्हा हिंजवडीत शेतं होती.

पहिल्या मुद्द्याचं उत्तर तुमच्याच प्रतिक्रियेत आहे. आठला चहा घेताना बघितलं आणि पावणेनऊला गाडी काढली, असं तुम्ही लिहिलंय. आठचा आकडा तोवर शिळा झाला हो! मॅपवरचे रंग येतात ते मुख्यतः आपल्याच खिशातल्या फोनवरून; कुठला फोन किती वेगाने सरकतोय, त्यावर हिरवा की लाल ते ठरतं. २०२० साली बर्लिनमध्ये सिमॉन वेकर्ट नावाच्या कलाकाराने ९९ फोन एका हातगाडीत घातले आणि ती रिकाम्या रस्त्यावरून ओढत नेली. मॅपवर तो रस्ता लाल! त्यावर गूगलचं म्हणणं असं, की भारतासह काही देशांत आम्हाला कार आणि दुचाकी वेगळी ओळखता येते, हातगाडीचं अजून जमलेलं नाही. (मंडईत येऊन बघा म्हणावं.)

उद्याचा अंदाज हवा असेल तर रस्ता निवडल्यावर वरच्या तीन टिंबांवर बोट ठेवा, तिथे निघायची वेळ टाकता येते. मग एकच आकडा न येता ‘३५ मिनिटं ते १ तास १० मिनिटं’ अशा धर्तीचं उत्तर येतं. मागच्या दिवसांच्या अनुभवावरून काढलेला तो अंदाज असतो. दोन आकड्यांत एवढं अंतर दिसलं की मी समजून जातो, या वेळेचा काही भरवसा नाही.

दुसरा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य, आणि मूळ लेखात तो राहिला ही माझी चूक. ‘७ मिनिटं वाचतील’ म्हणून मी एकदा सूस-नांद्याकडून गेलो होतो. अरुंद रस्ता, समोरून काँक्रीटचा मिक्सर, मागे माझ्यासारखेच १५-२० शहाणे, प्रत्येकाच्या डॅशबोर्डवर तीच निळी रेघ. सगळ्यात मागच्याने रिव्हर्स घेईपर्यंत कुणालाच हलता येईना. तेव्हापासून १० मिनिटांच्या आतल्या फायद्यासाठी मी रस्ता बदलत नाही.

मग बघतो कशाला? डबा भरताना फोन ओट्यावर मिठाच्या बरणीला टेकवलेला असतो. चांदणी चौक आणि वाकडचा पूल, एवढ्या दोनच जागा बघतो. माझा रोजचा आकडा ४०. पंचेचाळीसपर्यंत असेल तर निघायचं. ५५ दिसला की बूट काढून ठेवतो, सकाळची मीटिंग घरूनच करतो आणि साडेदहानंतर निघतो. ही मुभा सगळ्यांना नसते, हेही खरं. कारखान्यात पहिल्या पाळीला जाणाऱ्याला या आकड्याचा काय उपयोग? त्याला आदल्या रात्री गजर अलीकडे घेणं एवढंच हातात.

आणि पालख्या पुण्यात असतात तेव्हा तर मॅप बाजूलाच ठेवा. कुठला रस्ता किती वाजता बंद आणि कधी खुला, हे वाहतूक पोलीस आधीच जाहीर करतात, पेपरातही येतं. ते वाचायची सवय तुमच्या पिढीला आहे. मला बायकोने आठवण करून द्यावी लागते.

उद्या एक करा. आठला बघा, आणि पावणेनऊला किल्ली लावण्याआधी पुन्हा बघा. दोन्ही आकडे इथेच खाली लिहा. फरक पाचाच्या आत निघाला तर पुढच्या लेखात तुमचं म्हणणं वर आणि माझं खाली.