पाणी सोडून सगळं तपासा

जलशुद्धीकरण यंत्र घ्यायचं ठरलंय ना? मग पहिली खबरदारी: आपल्या नळाला नेमकं कसलं पाणी येतं, हे चुकूनही प्रयोगशाळेत तपासून घेऊ नका. फक्त थोडा गाळ आणि क्लोरीनचा वास एवढंच निघालं, तर साधी गाळणी आणि वास शोषणारा कार्बन यांवर भागेल. मग सात टप्प्यांचं, निळा दिवा लागणारं यंत्र भिंतीवर मिरवायचं कसं?

शिवाय विक्रेता घरी येऊन फुकट तपासणी करतोच की. तो दोन ग्लास मांडेल, एकात तुमचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचं. दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडेल. बघता बघता तुमच्या ग्लासात तांबूस-काळपट फेस, खाली गाळ. त्याचा ग्लास नितळ. घरातले तोंडावर हात ठेवतील. अशा वेळी, ‘हा गंज तुमच्या लोखंडी कांडीचाच, आमच्या पाण्यातल्या क्षारांमुळे वीज वाहते म्हणून सुटलेला’ असले शाळकरी खुलासे करू नयेत. त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून बघू, असं तर मुळीच म्हणू नये. दारी आलेल्याचा असा पाणउतारा बरा नव्हे.

मग निघतो टीडीएस मीटर. हा पाण्यातून वीज किती वाहते ते बघून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतो. जंतू त्याला दिसत नाहीत. आर्सेनिकची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम, तेही त्याच्या नजरेत भरणार नाही. पण आकडा दिसतो, आणि आकडा दिसला की माणसाला धीर येतो. तो जितका कमी तितकं पाणी थोर, एवढंच धरून चाला. लिटरमागे 600 मिलिग्रॅमच्या आतलं पाणी चवीला चांगलं, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते; म्हणू दे. आपण 40 वर आणायचं. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमही वाहून गेलं, तर ते परत मिसळणारं मिनरल कार्ट्रिज असतंच. काढायचे पैसे वेगळे, घालायचे वेगळे.

(पाणी खारट असेल किंवा त्यात फ्लोराइड जास्त असेल, तर आरओला, म्हणजे दाबाने पाणी बारीक पडद्यातून ढकलून क्षार काढणाऱ्या यंत्राला, खरंच काम असतं. पण ते तपासल्याशिवाय कळत नाही, आणि तपासायचं तर नाहीच.)

लिटरभर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत जातं, तिकडे बघू नका. नळीखाली बादली लावून त्यावर फरशी पुसणारे चिकट लोक वेगळे.

देखभालीचं म्हणाल, तर यूव्हीचा, म्हणजे जंतू मारणाऱ्या अतिनील किरणांचा, दिवा पेटतोय ना, मग जंतू मरतायत. वर्षभरात त्याचा जोर ओसरतो, पण निळा उजेड तसाच राहतो आणि दिसायला छान दिसतो. जुन्या कार्बनमध्ये जंतूंची वसाहत होते म्हणतात. होऊ दे. एवढ्या मुक्या जीवांना बेघर करून कुठे पुण्य लागणार आहे?