चाराला चार

मिनीडीव्ही, म्हणजे जुन्या डिजिटल व्हिडिओ कॅमेऱ्याच्या छोट्या कॅसेटवरची एक मुंज कॉम्प्युटरवर उतरवायची होती आणि त्यासाठी फायरवायरची, म्हणजे अशा कॅमेऱ्यातला व्हिडिओ कॉम्प्युटरला पोचवणाऱ्या जुन्या जोडणीची, केबल हवी होती, म्हणून परवा पुण्यात तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो. पार्श्वभूमी एवढीच.

काउंटरवरच्या मुलाने जी केबल काढली तिच्या एका टोकाला कॅमेऱ्यात बसणारी चिमुकली चार पिनांची मुंडी होती आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी. मी म्हटलं, ही चालत नाही.

"काका, विकायला ठेवलीय म्हणजे चालणारच ना?"

"अरे, दोन्हीकडचे सिग्नल वेगळे असतात."

"यूएसबीत वायरी चार. तुमच्या कॅमेऱ्याला पिना चार. चाराला चार! अजून काय पाहिजे?"

हिशेब बिनचूक होता, हेच तर दुखणं. यूएसबी २.० च्या चार तारांत एक पाच व्होल्टची, एक ग्राउंडची आणि डेटाची जोडी एकच. चार पिनांच्या फायरवायरमध्ये वीज नसतेच, चारही पिना डेटाच्या, दोन जोड्या. चाराला चार जोडले की ते पाच व्होल्ट कॅमेऱ्याच्या डेटाच्या पिनेत घुसणार. व्हिडिओ येणार नाहीच, पोर्ट मात्र जाऊ शकतो. हे सगळं मी त्याला सांगितलं. त्याने केबल प्लास्टिकच्या पिशवीत भरली आणि म्हणाला, "माल परत नाही हां, काका."

शेजारी मोबाइलला काच बसवून घ्यायला आलेले एक गृहस्थ उभे होते. त्यांना राहवेना. "अहो, कशाला केबल? कार्ड काढा, रीडरमध्ये घाला."

"कार्ड नाही, टेप आहे."

"पण डिजिटल म्हणालात ना?"

"डिजिटलच आहे."

"मग फाइल कुठाय?"

"फाइल नसते. कॅमेऱ्यात टेप वाजवायची आणि वाजता वाजता कॉम्प्युटरने ती झेलायची. तासाच्या टेपला तास लागतो."

गृहस्थांनी मिशीवरून बोट फिरवलं. "म्हणजे तुम्ही तासभर बसून ती बघणार?"

"लक्ष ठेवावं लागतं."

"मग कॅमेरा टीव्हीला लावा आणि समोरून मोबाइलवर शूटिंग घ्या की! वेळ तेवढाच. केबलचे पैसे वाचले."

मुलाने मान डोलावली. मागे रांगेतल्या बाईंनीही डोलावली. ७२० बाय ५७६ पिक्सेलचं मूळ चित्र जसंच्या तसं, टेपवरचा बिट न् बिट मिळू शकतो, हे पटवायला माझ्याकडे एकही माणूस उरला नव्हता. गृहस्थांच्या नव्या काचेखाली मधोमध हवेचा बुडबुडा राहिला होता. मी सांगितलं नाही.

खरा राग यायला हवा कॅमेरे बनवणाऱ्यांचा. बहुतेक मिनीडीव्ही कॅमेऱ्यांना यूएसबीचं भोक दिलेलंच असतं, पण ते मेमरी कार्डावरचे फोटो काढायला, फार तर वेबकॅमसारखं बारकं चित्र दाखवायला. टेपवरचा अस्सल माल निघतो तो फक्त 'डीव्ही' किंवा 'आय.लिंक' लिहिलेल्या भोकातून, आणि ते हमखास रबरी झाकणाखाली दडवलेलं. माणसं वर्षानुवर्षं चुकीच्या भोकाशी झटत बसतात.

सरळ वाट डेस्कटॉपची. त्यात पीसीआय एक्सप्रेसचं, म्हणजे आतल्या खाचेत बसणारं, फायरवायर कार्ड, शक्यतो टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपचं, आणि चार पिना ते सहा पिना अशी केबल. सहा पिनांची मुंडी उलटी दाबू नका, तिच्यात वीज असते. विंडोज १० वर कॅमेरा दिसला नाही तर '१३९४ ओएचसीआय लेगसी' हा जुना ड्रायव्हर वेगळा उतरवून डिव्हाइस मॅनेजरमध्ये हाताने निवडायचा. मॅकवाल्यांनी ॲडॉप्टरला ॲडॉप्टर जोडून बरीच वर्षं निभावलं, पण मॅकओएस २६ मध्ये ॲपलने फायरवायरच काढून टाकलं. प्रगती, दुसरं काय!

कॅमेरा प्ले किंवा व्हीसीआर मोडवर हवा, आणि बॅटरीवर नको, अडॅप्टरवर. जुनी टेप आधी एकदा शेवटापर्यंत पुढे नेऊन परत मागे आणायची, म्हणजे तिचा ताण सारखा होतो. चित्रात चौकोन उडाले तर क्लीनिंग कॅसेट काही सेकंदच चालवा. टेप वाचणारं हेड स्वच्छ करूनही चौकोन राहिले तर बघा की शूटिंग एलपीवर, म्हणजे लाँग प्लेवर, झालंय का. साठ मिनिटांच्या टेपवर नव्वद मिनिटं कोंबण्याची ही काटकसर अनेक लग्नं खाऊन बसली आहे, कारण एलपीची टेप दुसऱ्या कॅमेऱ्यात धड वाजेलच याचा भरवसा नसतो.

अठरा-वीस मिनिटांवर कॅप्चर, म्हणजे ते झेलणं, दर वेळी थांबत असेल तर केबलला शिव्या देऊ नका. डिस्कचा फॉरमॅट जुना, फॅट३२ आहे, तिला चार जीबीहून मोठी फाइल चालत नाही. एनटीएफएस करा. फॉरमॅटने सगळं पुसलं जातं, म्हणून आधी त्यावरचं दुसरीकडे हलवा. तासाला तेरा जीबी लागतात.

एवढं करून मुंज उतरली की नातेवाईक येतात. "व्हॉट्सॲपवर टाक ना पटकन." तेरा जीबी! मग डिइंटरलेस करून, म्हणजे एकाआड एक ओळींत टिपलेलं चित्र सलग करून, एमपी४ बनवायची, नाहीतर बटू हलला की त्याच्या अंगावर आडव्या रेघांचा कंगवा उमटतो. रेघा काढून, फाइल लहान करून पाठवली, तर मावशींचं उत्तर आलं: "छान. पण दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या का आहेत?"

टेप चारास तीनची आहे, मावशी. तुमचा फोन आडवा आहे.