पार्टी लाल पडून राह्यली

आमचं वाचनालय ‘ड’ वर्गातलं. सरकारी अनुदानासाठी ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे चार वर्ग आहेत. ड च्या खाली वर्गच नाही, म्हणून आम्ही तिथं टिकून आहोत. मी तिथला ग्रंथपाल, शिपाई आणि वेळप्रसंगी कुलूपसुद्धा. ग्रंथालयशास्त्राचा प्रमाणपत्र कोर्स केलेला गावातला एकटाच माणूस. तो कोर्स केला नसता तर मागचं साल सुखात गेलं असतं.

आमच्या भागातल्या शेतकऱ्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. 2017 मध्ये शेंदरी बोंडअळीनं विदर्भातला कापूस पोखरला, त्या हंगामात तो निघाला. तेव्हापासून तिथं रोज प्रश्न पडतात, रोज उत्तरं येतात. पण दर भादव्यात वावरात पाणी तुंबलं की कोणीतरी विचारणारच, ‘तूर पिवळी पडून राह्यली, काय करू?’ आणि आमचे काका दर भादव्यात तेच सांगणार, आधी चर काढून पाणी बाहेर घाल, बाकीचं मग बोलू.

एक दिवस काका वाचनालयात आले आणि पेपरावर हात ठेवून म्हणाले, “अबे, हे एकच उत्तर मी किती साल देऊ? मी मेल्यावर कोण सांगीन? ते जुनं सारं एका जागी लावून ठेव ना. तू पुस्तकं लावतं ना? मंग हे बी लाव.”

पुस्तकं लावणं आणि माणसांचं बोलणं लावणं यात फरक आहे, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. मी उलट भाव खाल्ला. पुस्तकांना विषयवार आकडे देणारी ड्यूईची दशांश पद्धत 1876 सालची, तिच्यात शेतीला 630 आणि कापसाला 633.51, असं फळ्यावर लिहून दाखवलं. काकांनी आकडा नीट वाचला.

“हा गट नंबर कोणाचा होय?”

आमची फौज चौघांची. मी, निवृत्त गुरुजी, बचत गटाची ताई आणि कृषी पदविका घेऊन घरी बसलेला एक पोट्टा, कारण लॅपटॉप त्याचा होता. ठरलं असं की रोज रात्री जेवणं आटोपून वाचनालयात बसायचं, एकेक संदेश वाचायचा आणि त्याच्यापुढे टॅग लावायचा. म्हणजे पीक कोणतं, दुखणं कोणतं, उपाय कोणता. मग कोणीही शब्द टाकला की त्या विषयाचं सगळं बोलणं एकाखाली एक यावं. आठ दिवसांत उरकेल असा अंदाज गुरुजींनी दिला. गुरुजींनी आयुष्यभर जनगणनेची कामं केलेली, त्यामुळे आमचा विश्वास बसला.

पहिल्याच रात्री कळलं की ग्रुपवरचं बोलणं बाहेर काढताना फोटो बाहेर आलेच नव्हते. जिथं फोटो होता तिथं नुसतं ‘फोटो वगळला’. त्यामुळे आमच्या हाती आलेला ज्ञानाचा साठा असा:

‘फोटो वगळला.’
‘हे काय होय?’
‘बापरे.’
‘असंच माह्या वावरात बी हाय.’
‘फोटो वगळला.’
‘हे तं त्याच्यापेक्षा बेकार हाय.’

याला टॅग काय लावायचा? ताईनं ‘बापरे’ सुचवला. आम्ही हसलो, पण दोन तासांनी तोच लावला.

फोटो नसल्याचं दुःख मागं पडलं ते पार्टीमुळे. आपल्याकडे कापसाच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात, बोलताना पराटी. वावरात हात चिखलानं भरलेले, म्हणून लोक टाइप करत नाहीत. माइक दाबून बोलतात आणि मोबाइल ऐकून लिहितो. मोबाइलनं पराटी कधी पाहिली नसावी. तो इमानेइतबारे ‘पार्टी’ लिहितो. त्यामुळे ‘पार्टीवर मावा आला’, ‘पार्टी लाल पडून राह्यली’, ‘पार्टीची वाढ खुंटली, कोणतं खत देऊ’, आणि काकांचा दर डिसेंबरातला इशारा, ‘पार्टी उपटून टाका, फरदड ठेवू नका, अळी तथीच पोसते.’ फरदड म्हणजे हंगाम संपल्यावरही वावरात उभी ठेवलेली पराटी. हा शेवटचा संदेश ऐन निवडणुकीत पडला होता, आणि त्यावर दोन कार्यकर्त्यांनी काकांना घरी येऊन खुलासा मागितला होता, हे मला आत्ता कळलं.

पोट्टा हुशार. त्यानं एका झटक्यात सगळीकडे ‘पार्टी’ काढून ‘पऱ्हाटी’ घातलं. त्या रात्री आम्ही लवकर घरी गेलो. दुसऱ्या दिवशी वाचायला बसलो तर ‘शनिवारी पोराच्या नोकरीची पऱ्हाटी हाय, वावरात, कोंबडा कापून राह्यलो’ आणि ‘अमक्या भाऊनं पऱ्हाटी बदलली’. सगळं परत फिरवलं आणि एकेक पार्टी हातानं तपासली.

तरी शोध लागेना. पऱ्हाटी शोधली की निम्मेच संदेश यायचे. उरलेले निम्मे डोळ्यांपुढे स्क्रीनवर दिसत, त्यांच्यातही पऱ्हाटीच लिहिलेलं, तंतोतंत तसंच. दोन रात्री गेल्या. शेवटी पोट्ट्यानं उलगडा केला: हा ‘ऱ्ह’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात टिंबाचा ऱ, त्याचा पाय मोडायचा आणि ह जोडायचा. दुसऱ्यात साधा र, त्याचा पाय मोडायचा, मग जोडणी करणारं एक न दिसणारं अक्षर आणि मग ह. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला मात्र वेगळे.

“न दिसणारं अक्षर?” गुरुजी म्हणाले. त्यांनी उभ्या जन्मात भुताखेतांविरुद्ध भाषणं दिलेली. “दिसत नाही, पण आहे, असं म्हणतोस?”

“हो गुरुजी. आणि ते काढलं की शब्द मोडते.”

गुरुजी त्या रात्री दहा वाजताच उठून गेले.

ताईनं मग बचत गटाची एक कोरी वही काढली आणि वर मथळा घातला, ‘हे म्हणजे ते’. ग्रंथालयाच्या भाषेत याला ‘पाहा’ नोंद म्हणतात, पण तिचा मथळा मला जास्त पटला. अई म्हणजे अळी. सेंद्री, गुलाबी, शेंदरी, सगळी एकच. तूर उबळली म्हणजे मर रोग. डोमकळी म्हणजे न उमललेलं, अळीनं आतून शिवून टाकलेलं फूल. गुरुजींना ‘कीडनियंत्रण’ हा टॅग हवा होता. ताई म्हणाली, “मायबाई, वावरात उभं राहून कीडनियंत्रण कोण म्हणते? लोक अळीच म्हणते.” इथं मी ताईच्या बाजूनं मत दिलं. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवा असा आहे. आमचा वाचक तर एका हातात पंप धरून उभा असतो.

रंगनाथन यांचं नाव काढलं आणि माझ्यातला कोर्स जागा झाला. त्यांच्या द्विबिंदू वर्गीकरणात विषयाच्या पाच बाजू पाहतात: व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थळ आणि काळ. मी म्हटलं, प्रत्येक संदेश या पाच चाळण्यांतून काढू. पहिलाच संदेश आला, ‘कालपासून लाल्या जास्तच झाला.’ आता पऱ्हाटीची पानं लाल होतात त्यालाही लाल्या म्हणतात आणि तांबड्या बैलालाही लाल्याच. पुढे कोणीतरी मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी घ्या असं सांगितलेलं, आणि त्याखाली उत्तर, ‘जवळ येऊ देत नाही भाऊ, शिंगं मारते.’

आम्ही याला ‘रोग’ हा टॅग लावणार तोच गुरुजींनी हरकत घेतली: लाल्या हा रोग नव्हे, अन्नद्रव्य कमी पडल्यानं आणि थंडीनं येणारी विकृती आहे.

“कोणाची?” ताई म्हणाली. “बैलाची का पऱ्हाटीची?”

व्यक्तित्वाच्या रकान्यातच रात्र संपली. द्रव्यापर्यंत आम्ही पोचलोच नाही.

मध्येच लाइन यायची. शेतीपंपाची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच असते, त्यामुळे कोणाचा तरी मोबाइल वाजला की पोट्टा लॅपटॉप उघडा टाकून मोटर चालू करायला पळे. दोन पाळ्या पाणी देऊन पहाटे परतला की आदल्या रात्री कुठं होतो ते त्याला आठवत नसे. हरभऱ्याच्या घाटेअळीपाशी आम्ही पाच वेळा सुरुवात केली आहे.

2017 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पानांवर मात्र कोणी हसलं नाही. यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली, ते दिवस. ‘भाऊले दवाखान्यात नेलं’, ‘दिसणं कमी झालं म्हणते’, आणि मग नुसती हात जोडलेली चित्रं. ती पानं ताईनं एकटीनं लावली. टॅग एकच दिला, ‘आधी हे वाचा’.

त्यामुळेच ‘ढक्कन’ प्रकरणात आम्ही कडक झालो. ग्रुपवर मात्रा विचारली की उत्तर येतं, ‘दोन ढक्कन’. कशाचं ढक्कन? ‘त्या हिरव्या डब्याचं.’ पंप किती लिटरचा? ‘आपला नेहमीचा.’ असे सगळे संदेश वेगळे काढले, आणि कृषी सहायकांनी पाहिल्याशिवाय उघडायचे नाहीत असं ठरवलं. कृषी सहायकांनी गठ्ठा पाहिला आणि बदलीचा अर्ज केला. दोन्हींचा संबंध नसावा.

सगळ्यात चीड मला आली ती ‘फोन करा’वाल्यांची. प्रश्न सुरेख मांडलेला असतो: पीक किती दिवसांचं, पाणी कधी दिलं, पानं कशी दिसतात. खाली उत्तर, ‘फोन करा’. त्याखाली, ‘केला भाऊ, लय फरक पडला, धन्यवाद.’ काय फरक पडला, कशानं पडला, ते त्या दोघांना आणि टॉवरला ठाऊक. अशा लोकांची नावं काढून पाटीवर लावावी असं मी रागात बोलूनही गेलो. आठ दिवसांचं काम अकराव्या महिन्यात संपलं.

परवा वाचनालयाच्या आवारातल्या लिंबाच्या झाडाची पानं गुंडाळायला लागली. म्हटलं, उद्घाटन आपल्याच हातून होऊ दे. लॅपटॉपवर ‘लिंबू’ टाकलं, ‘पान गुंडाळणे’ टाकलं. क्षणात एकच संदेश आला, 2019 चा. हुबेहूब माझाच प्रश्न, आमच्याच गावातल्या एका मामांनी विचारलेला. खाली एकच उत्तर, ‘मला फोन करा.’

उत्तर माझं होतं.

ताई शेजारीच बसली होती. ती काही बोलली नाही, नुसती वहीची पानं चाळत राहिली. मी मामांकडे गेलो. विचारलं, मामा, 2019 साली लिंबाबद्दल मी तुम्हाला फोनवर काय सांगितलं होतं?

“काय सांगतं तू? तीनदा लावला. उचललाच नाही तू.”

“मग झाड कसं सुधारलं?”

“कायचं काय, मारले दोन ढक्कन.”

“कशाचे?”

मामांनी गोठ्याच्या वळचणीकडे बोट दाखवलं. तिथं एक डबा होता. ऊन खाऊन त्याचा रंग पार उडून गेला होता.