ग्रीन किट, वीस पुस्तकं आणि माझ्या बादलीतल्या अळ्या

आज ५ जून. सकाळी दहाला बेल वाजली, दारात सोसायटीच्या कमिटीतली दोन उत्साही मुलं. "हॅपी एन्व्हायर्नमेंट डे आंटी!" म्हणून हातात एक ग्रीन किट ठेवलं आणि पळाली पुढच्या फ्लॅटला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग उघडलं.

वरून चकचकीत प्लास्टिकचा कागद, त्याला सॅटिनची रिबन. आत बांबूचे दोन टूथब्रश, प्रत्येक वेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात. एक 'कापडी' पिशवी, जी कापडी नाहीच, नॉन-वोव्हन आहे, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिकच, जे कपाटात ठेवलं की दोन वर्षांनी भुगा होऊन सगळ्या साड्यांवर पडतं. आणि एक लॅमिनेट केलेलं कार्ड. ग्रीन लाइफसाठी वाचायलाच हवीत अशी वीस पुस्तकं, प्रत्येकापुढे क्यूआर कोड, स्कॅन करा आणि मागवा. वीसच्या वीस इंग्रजी. मराठी एक नाही. ठाण्यात घोडबंदर रोडवर राहतो हो आपण, न्यूझीलंडमध्ये नाही.

आता तुम्ही म्हणाल पुस्तकंच सुचवली ना, दारू तर नाही सुचवली, एवढं काय तापायचं. तर ऐका, मला हे बोलायचा हक्क आहे कारण या कार्डातली वीसपैकी चार पुस्तकं मी वाचलीयेत. आणि वाचून काय दिवे लावले ते सांगते.

२०२०, लॉकडाऊन. सगळे डालगोना कॉफी करत होते तेव्हा मी पर्यावरणवादी झाले. ऑनलाइन पुस्तकं मागवली, चार पुस्तकं चार वेगवेगळ्या खोक्यांतून आली, प्रत्येक खोक्यात बबल रॅप. त्यातलं एक होतं फुकुओकांचं वन स्ट्रॉ रिव्होल्यूशन. भारावून गेले मी. जपानमधला शिकोकू बेटावरचा माणूस, शिक्षणाने वनस्पतींच्या रोगांचा अभ्यासक, नोकरी सोडून शेतावर आला आणि नांगरणं बंद, रासायनिक खत बंद, भाताचं पीक काढलं की त्याचं काड परत त्याच शेतावर पसरायचं, बस. मूळ पुस्तक १९७५ चं, इंग्रजीत आलं १९७८ ला. मी नवऱ्याला, लेकाला, व्हिडिओ कॉलवर नणंदेला, सगळ्यांना ते स्ट्रॉचं तत्त्वज्ञान ऐकवलं. आणि त्याच आठवड्यात बाल्कनीत कंपोस्टची बादली सुरू केली.

जुलै महिना. भाजीची सालं, चहाचा चोथा, आंब्याच्या कोयी, सगळं भक्तिभावाने बादलीत. दहाव्या दिवशी झाकण उघडलं तर आत वळवळ. अळ्या! आणि वास असा की खालच्या मजल्यावरच्या काकांनी इंटरकॉमवर विचारलं, "घरात काही मेलंय का?" मी एका हातात फुकुओका आणि दुसऱ्या हातात फिनाइल घेऊन उभी.

कचरा न्यायला मावशी यायच्या. त्यांनी मास्क खाली करून बादलीत डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "ताई, नुसतं वलंच घातलंय की वो. पाला कुठंय? गावाकडं उकिरड्यावर आम्ही पाचट टाकतो, न्हाईतर सडतंय ना ते." आणि खाली जाऊन रेन ट्रीचा सुका पाला गोणीभर आणून दिला. ओल्याच्या थरावर पाला, पुन्हा ओलं, पुन्हा पाला, जेवढं ओलं त्याहून जास्तच सुकं, अधूनमधून काठीने हलवायचं म्हणजे हवा खेळते. तीन दिवसांत वास गेला. (अळ्या बिचाऱ्या कामच करत होत्या हे नंतर कळलं. फिनाइलबद्दल त्यांची माफी.)

मुद्दा लक्षात येतोय का? मी अख्खं पुस्तक फक्त आणि फक्त सुक्या काडावर वाचलं होतं आणि माझ्या बादलीत सुकं काहीच नव्हतं. कारण 'स्ट्रॉ' म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर शहाळ्यातली नळी येते! 'काड' म्हटलं असतं, 'पाचट' म्हटलं असतं, तर आजोळचं खळं आठवलं असतं, गोठ्याचा वास आठवला असता, कदाचित डोक्यात उजेड पडला असता. आता बरोबर आहे, फुकुओका स्वतः कंपोस्ट करत बसू नका, काड नुसतं पसरा असंच म्हणतात, पण त्यांच्याकडे शेत होतं, माझ्याकडे सतराव्या मजल्यावरची बाल्कनी.

म्हणून मला त्या कार्डाचा राग आलाय. झिरो वेस्ट, झिरो वेस्ट! माझी आई नौपाड्यात दोन खोल्यांत राहून दोडक्याच्या शिरांची चटणी करायची, दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायची, जुन्या लुगड्याची गोधडी व्हायची आणि गोधडीचं शेवटी पायपुसणं. तिला कोणी क्यूआर कोड दिला नव्हता. हो, माहितीये, ती हे गरजेपोटी करायची आणि पैसे आले असते तर तिनेही मिक्सर-मायक्रोवेव्ह सगळं घेतलं असतं. घेतलंच नंतर. असो.

बरं, द्यायचीच यादी तर ही घ्या ना. दुर्गाबाई भागवतांचं ऋतुचक्र. आपल्यातल्या कित्येकांनी शाळा-कॉलेजात त्यातला 'वसंतहृदय चैत्र' वाचलाय, मार्कांसाठी वाचलाय म्हणून विसरलोय. मी गेल्या वर्षी परत काढलं. एकेक मराठी महिना घेऊन बाई नुसतं बघतात, झाड बघतात, आकाश बघतात, उपदेश नाही की धमकी नाही. ते वाचल्यावर मी पहिल्यांदा आमच्या गेटबाहेरच्या पिंपळाकडे मान वर करून बघितलं. बारा वर्षं त्याच्याखालून रिक्षा पकडतेय मी! कोवळी पालवी उन्हात तांब्यासारखी चमकत होती. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, बसताय की जाऊ?"

मारुती चितमपल्ली घ्या. वनखात्यात नोकरी केलेला माणूस, रानातल्या लोकांकडून शब्द गोळा करत हिंडला. आपण ऐरोलीच्या पुलावरून जाताना गाडीची काच खाली करून "फ्लेमिंगो फ्लेमिंगो" ओरडतो. रोहित म्हणतात त्यांना, मराठीत. माझ्या लेकाला वाटलं आमच्या शेजारचा रोहित. हसू नका, मला रडू येत होतं. ठाणे खाडीला २०१५ ला फ्लेमिंगो अभयारण्य केलं, २०२२ ला रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेली, म्हणजे जगाने दखल घेतली आणि आपल्याला पाहुण्याचं नाव माहीत नाही.

अनुपम मिश्रांचं आज भी खरे हैं तालाब घ्या. हिंदी आहे, पण आपल्याला हिंदी सिरियल कळतात तर हेही कळेल. १९९३ चं पुस्तक आणि त्या माणसाने कॉपीराइट ठेवलाच नाही, कोणीही छापा, वाटा. कमिटीने एवढे पैसे त्या रिबिनीत घालण्यापेक्षा यातली चार पानं छापून वाटली असती तर? आपण स्वतःला तलावांचं शहर म्हणवतो आणि तलाव म्हणजे तलावपाळीला भेळ खायची जागा. तळं कुठे खणायचं, पाणी कुठून येणार, गाळ कोण काढणार, हे गावच्या साध्या माणसांना कसं माहीत होतं त्याचं पुस्तक आहे ते. म्हणजे पुन्हा आमच्या मावशीच. पाला कुठंय ताई.

दिलीप कुलकर्णींचं निसर्गायण. हे वाचून मला राग आला होता, आधीच सांगते. नोकरी सोडून दापोलीजवळ कुडावळ्याला जाऊन राहिलेला माणूस, तो कमीत कमीत जगतो आणि आपण एसीत बसून वाचतो, अपराधी वाटतं. अर्धं वाचून ठेवून दिलं. सहा महिन्यांनी पुन्हा उघडलं. एसी गेला नाही, पण ड्रायर घ्यायचा होता तो घेतला नाही. एवढंच जमलं.

इंग्रजी वाचूच नये असं नाही म्हणत मी. रेचल कार्सनचं सायलेंट स्प्रिंग आहे त्या कार्डात आणि ते असायलाच हवं. १९६२ ला एका बाईने डीडीटीसारख्या कीटकनाशकांनी पक्षी कसे मरतात त्यावर लिहिलं, केमिकल कंपन्या तिच्यावर तुटून पडल्या, आणि ती कॅन्सरशी झगडत होती तेव्हा, १९६४ ला गेलीसुद्धा. अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली १९७२ ला. ते वाचल्यापासून सोसायटीत धुराचं मशीन फिरतं तेव्हा मी खिडकी लावताना चिमण्यांचा विचार करते. (डेंग्यूची केस निघाली की "फॉगिंग कधी करणार" असा मेसेज ग्रुपवर पहिला माझाच असतो. आहे मी ढोंगी.)

पण विकत कशाला घ्यायची वीस पुस्तकं? ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं आहे, मुंबईच्या ग्रंथसंग्रहालयाच्याही आधीचं! एक पुस्तक शंभर घरं फिरतं, त्याहून ग्रीन काय असतं सांगा. लेक म्हणतो ई-बुक घे. घे बाबा, मला पिवळी पानं लागतात.

दुपारी थोडी शांत झाले तेव्हा वाटलं, ती मुलं बिचारी सुट्टीच्या दिवशी जागरण करून चारशे किट बांधत बसली असतील. त्या वयात मी काय करत होते? काही नाही. ठीक आहे. मग चार वाजता खाली गेले तर माळीकाका रेन ट्रीचा पाला झाडून मोठमोठ्या काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत भरत होते, डंपिंगला जायला. आज! पर्यावरण दिनाला! सोन्यासारखा पाला! गेले परत डोक्यात. दोन पिशव्या ओढत लिफ्टमध्ये घातल्या, वॉचमन बघत राहिला. मावशी आता या सोसायटीत येत नाहीत, कॉन्ट्रॅक्ट बदललं तेव्हा गेल्या, कुठे असतात माहीत नाही. मी तेव्हा नंबरही घेतला नाही. गाव कुठलं तेही विचारलं नव्हतं.

ते कार्ड फाडून सुकं म्हणून बादलीत टाकायला गेले होते. फाटत नाही. लॅमिनेट आहे.

आणि हो, माझी वन स्ट्रॉ रिव्होल्यूशनची कॉपी २०२१ मध्ये कोणीतरी वाचायला नेलीये, या फ्रेंडलिस्टमधल्याच कोणीतरी. मागच्या कव्हरवर कंपोस्टचा डाग आहे, ओळखू येईल. आणून द्या.