हो, हो, नेहमीच!

मी कजाग बाई आहे, हे इंदूरच्या एका बँकेत पेन्शनच्या रांगेत बसलेल्या समस्त ज्येष्ठ नागरिकांना आता ठाऊक झालं आहे. साक्षीदार कोण, तर खुद्द माझा नवरा.

नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांनी आपण जिवंत असल्याचा दाखला देण्याचा महिना. २०१४ पासून हे काम ऑनलाइन होतं, आता तर मोबाइलला चेहरा दाखवला तरी भागतं. पण ह्यांचं म्हणणं, जिवंत माणसाने समक्ष जाऊन सांगावं. गेलो. काउंटरवरचा मुलगा कॉम्प्युटरकडे तोंड करून पुटपुटला, "अंकल, आधार के लास्ट चार नंबर?" ह्यांनी ऐटीत जन्मतारीख सांगितली. त्याने पुन्हा विचारलं, ह्यांनी पुन्हा जन्मतारीख सांगितली, या वेळी साल जोडून. शेवटी मीच ओरडले, "अहो, आधाऽर! शेवटचे चाऽर!"

अख्खी बँक वळून बघायला लागली.

शेजारच्या खुर्चीत एक गृहस्थ होते. भर दुपारी मफलर, मांडीवर पिशवी, पिशवीत आणखी एक पिशवी आणि तिच्यात रबरबँड लावलेलं पासबुक. "मराठी का?" झालं. रामबागेतले का, मग लोकमान्य नगर का, मग सुदामा नगरात अमक्यांच्या मागची गल्ली का, अशी उलटतपासणी सुरू. इंदुरात दोन मराठी माणसं भेटली की तिसऱ्या प्रश्नाला नातं निघतं. आमचं निघेना, म्हणून ते जरा नाराज झाले आणि मूळ मुद्द्यावर आले.

"वहिनी, राग मानू नका, पण वयस्क माणसाशी इतक्या चढ्या आवाजात? मी आमच्या हिच्याशी उभ्या जन्मात आवाज चढवून बोललो नाही."

"त्यांना कमी ऐकू येतं हो."

"कमी?" ते हसले, पिशवी सावरली आणि ह्यांच्याकडे झुकले. आवाज असा की खर्जाच्या खाली आणखी एक मजला असावा. "काय साहेब, कसं काय?"

"मजेत!"

"कुठल्या खात्यातून रिटायर?"

"हो हो, रिटायर."

"यंदा थंडी लवकर पडून राहिली."

"अगदी बरोबर बोललात."

गृहस्थांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी मुक्याला वाचा फोडली. "बघितलंत? सगळं ऐकू येतं त्यांना. प्रेमानं बोलावं लागतं फक्त." आणि मग, माझ्या डोळ्यांदेखत, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "वहिनी नेहमीच अशा ओरडतात का हो?"

ह्यांनी राखून ठेवलेलं, लग्नाच्या फोटोतलं हसू काढलं. "हो, हो, नेहमीच!"

समोरच्या बाकावरच्या बाईंनी 'च्च' केलं. मफलरवाल्यांनी आतल्या पिशवीतून तिळाची चिक्की काढून ह्यांना दिली. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

आता ह्यांची पद्धत सांगते. समोरचा बोलायचा थांबला की 'हो हो' म्हणायचं, लोक हसले की हसायचं, आणि कुणी गंभीर दिसला की 'बरोबर बोललात'. एवढ्या भांडवलावर ह्यांनी लग्नं, बारशी, सोसायटीच्या मीटिंगा निभावल्या. एका तेराव्याला मात्र भलत्याच ठिकाणी हसले.

पण माझ्या डोक्यात जो किडा वळवळतो आहे, तो वेगळाच. कान तपासणाऱ्या मुलीने आलेख काढून समजावलं होतं, की वयाने आधी वरच्या पट्टीचं ऐकणं जातं. आतल्या शंखाकृती भागातल्या नाजूक पेशी मरतात, त्या पुन्हा उगवत नाहीत. ह्यांची रेघ २५० हर्ट्झपासून बरी सरळ येते आणि २००० नंतर जी घसरते, ती ८००० पर्यंत घसरतच जाते. त्यामुळे स्वर ऐकू येतात. स, श, थ, फ असली हलकी व्यंजनं गळून पडतात. मी सांगितलं 'येताना शेव आणा', तर हे खजराना गणपतीचा प्रसाद घेऊन आले. म्हणे, तूच म्हणालीस ना, देव! बायकांचा नि लहान मुलांचा आवाज वरचा, म्हणून तोच आधी हरवतो. पुरुषी, खालचा आवाज मात्र त्यातल्या त्यात पोचतो.

मग मफलरवाल्यांचा खर्ज पोचला होता की नव्हता? घरी येऊन मी विचारलं. हे म्हणाले, "कुठला मफलर?"

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, साठीपुढच्या दर चौघांत एकाहून जास्त जणांना त्रास व्हावा इतपत बहिरेपण असतं. असेल. त्यांच्या शेजारी बसून ओरडणाऱ्या बायकांचा आकडा कोण काढतंय? आणि ओरडणंही धड जमत नाही. हळू बोललं तर ऐकू येत नाही आणि आवाज चढवला तर ह्यांचा कान ठणकतो. "ओरडतेस कशाला?" हे वाक्य मी दिवसभर ऐकते. माझा कान शाबूत आहे ना!

तक्रार खरी पुढे आहे. सिलिंडर आला, नळ गेला, गोळी घेतली का, असल्या बातम्या ओरडून सांगता येतात. पण बँकेतल्या त्या 'च्च' करणाऱ्या बाईंची माहेश्वरी काय सुरेख होती, जोशांची सून परवा कशी तोऱ्यात चालली होती, हे काय ओरडून सांगायचं? ओरडायचं ठरवलं तर जोशांची सूनच खिडकीत यायची. म्हणून मी म्हणते, "काही नाही." हे दोनदा विचारतात, मी दोनदा "काही नाही" म्हणते, आणि मग रुसवा ह्यांचाच, की तू हल्ली मला काही सांगत नाहीस.

मशीन आहे हो! चांगलं, कानामागचं. डबीत, डबी ड्रॉवरमध्ये. त्याच्या मसुराएवढ्या सेलला तपकिरी स्टिकर असतं. ते सोललं की आत हवा जाते नि सेल चालू होतो. मग मशीन घाला नाही तर ड्रॉवरमध्ये ठेवा, तो उतरतच राहतो. हे रोज मी सोलते आहे असं नाही, पण दर वेळी नवं पाकीट आणायला मीच जाते. ह्यांचं मशीन बाहेर निघतं ते गाण्याच्या बैठकीला, आणि छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत मित्रांबरोबर पोहे खायला जाताना. बँकेत सहीच करायची, तिथे कानाचं काय काम?

"आणि घरात?" मी विचारलं. अगदी समोर उभी राहून, तोंड दिसेल अशी, एकेक अक्षर सुटं करून.

"घरात काय ऐकायचंय?"

यावर मी जे बोलले, ते इथे लिहिण्याजोगं नाही. ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मान डोलावली. "अगदी बरोबर बोललीस."